विधेयक समितीकडं गेलं, म्हणजे नेमकं कुठं गेलं?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, अधूनमधून एक चौकट येते. वर 'महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय' असं छापलेलं असतं. खाली मजकूर असतो: अमुक विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे विचारार्थ सोपविण्यात आले आहे, तरी ज्या व्यक्ती व संस्थांना सूचना अथवा सुधारणा पाठवावयाच्या असतील त्यांनी अमुक तारखेपर्यंत पाठवाव्यात. भाषा इतकी कोरडी, की माणूस दुसऱ्या ओळीला पान उलटतो. मी ती चौकट कापून ठेवते.

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत मी एकल बायकांसोबत काम करते. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं सोडलेली, कुणी लग्नच न केलेली. त्यांच्या जगण्याला हात घालणारे कायदे मुंबईत लिहिले जातात. त्या मसुद्यातला एखादा शब्द बदलून घ्यायची संधी सामान्य माणसाला मिळते ती या चौकटीतली तारीख उलटेपर्यंत. एकदा कायदा झाला की पुढं मोर्चे, उपोषणं आणि कोर्टकचेरी. त्याला वर्षं जातात. म्हणून समिती म्हणजे काय, तिथं काय चालतं आणि आपण काय पाठवायचं, हे आज नीट सांगते.

विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. बहुतेक वेळा मंत्री तो सभागृहात मांडतो. कामकाजाच्या भाषेत त्याला 'पुरःस्थापित करणं' म्हणतात. मंत्री नसलेल्या आमदारालाही विधेयक मांडता येतं, त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. मांडल्यानंतर सभागृहापुढं चार वाटा असतात. लगेच चर्चेला घ्यायचं, त्याच सभागृहाच्या चिकित्सा समितीकडं द्यायचं, विधानसभा आणि विधान परिषद मिळून केलेल्या संयुक्त समितीकडं द्यायचं, किंवा लोकांचं मत अजमावण्यासाठी फिरवायचं. बहुतेक विधेयकं पहिल्याच वाटेनं जातात, काही तर मांडल्यापासून दोन-चार दिवसांत मंजूर होतात. ज्या विषयावर समाजात मतभेद आहेत, विरोधकांचा जोर आहे किंवा सरकारलाच मसुद्याबद्दल पुरती खात्री नाही, तिथं समितीची वाट धरली जाते. सामाजिक विषयांवरची विधेयकं यात बरीच सापडतात.

ही समिती त्या एका विधेयकापुरती असते. अहवाल दिला की तिचं काम संपतं. संसदेत खात्यांनुसार 24 स्थायी समित्या आहेत आणि मंत्री त्यांचा सदस्य होऊ शकत नाही. आपल्याकडं संयुक्त समितीचं अध्यक्षपद बहुधा मंत्र्याकडंच असतं. म्हणजे ज्या सरकारनं मसुदा आणला, त्याचाच माणूस दुरुस्तीच्या बैठकीत मधल्या खुर्चीवर. मला ही पद्धत पटत नाही. पण समितीत विरोधी पक्षांचे आमदारही असतात, आणि सभागृहातल्या गोंधळात जे बोलता येत नाही ते तिथं टेबलाभोवती बसून, एकेक ओळ पुढं ठेवून बोललं जातं. एखाद्या सदस्याला अहवाल मान्य नसेल तर तो भिन्नमत पत्रिका जोडू शकतो. ती अहवालासोबत छापली जाते. आपला मुद्दा समितीनं फेटाळला तरी एखाद्या आमदाराच्या भिन्नमत पत्रिकेत तो राहू शकतो, आणि पुढं कोर्टात किंवा पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तो कागद हाताशी असतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. कोल्हापुरात शासकीय विश्रामगृहावर गाड्यांचा ताफा लागतो आणि गावभर होतं, 'विधिमंडळाची समिती आली.' ती बहुतेक वेळा दुसरी समिती असते. महिला व बालकांचे हक्क व कल्याण समिती, अनुसूचित जाती कल्याण समिती, पंचायत राज समिती अशा समित्या कायमच्या असतात, दौरे करतात, आणि आधी झालेल्या कायद्यांची, योजनांची अंमलबजावणी तपासतात. वसतिगृहातल्या गाद्यांची तक्रार त्यांच्यापुढं करायची. विधेयकातला शब्द बदलायचा तर त्या विधेयकाची संयुक्त समिती गाठायची. दोन्हीकडं एकच निवेदन घेऊन गेलं की दोन्हीकडचं काम अडतं.

यानं खरंच काही बदलतं का, हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. दोन उदाहरणं सांगते.

डिसेंबर 2020 मध्ये महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षांचं शक्ती विधेयक आलं. ते संयुक्त समितीकडं गेलं आणि तिथं वर्षभर राहिलं. महिला संघटनांनी आणि वकिलांनी त्यावर भरपूर लिहिलं. फाशीची शिक्षा वाढवली तर बाईची तक्रारच दडपली जाईल, कारण आरोपी बऱ्याचदा घरातला असतो, हे अनेकींनी ठामपणे मांडलं. खोट्या तक्रारीबद्दल शिक्षेची तरतूद खऱ्या तक्रारदारालाही घाबरवेल, हेही मांडलं. तपासाची मूळ मुदत 15 दिवसांची होती, समितीनं ती 30 दिवसांवर नेली. डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी ते एकमतानं मंजूर केलं. फौजदारी कायदा हा केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीतला विषय असल्यानं ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं, आणि तिथून कायदा होऊन परत आलं नाही. समितीच्या पुढंही दारं असतात, ती अशी.

दुसरं उदाहरण विशेष जन सुरक्षा विधेयकाचं, म्हणजे बेकायदा कृत्यं रोखण्यासाठी आणलेल्या मसुद्याचं. डिसेंबर 2024 मध्ये ते संयुक्त समितीकडं गेलं आणि बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. त्या कायद्याबद्दल टोकाची मतं आहेत आणि माझंही आहे, पण इथं मुद्दा प्रक्रियेचा आहे. मूळ मसुद्यात 'व्यक्ती आणि संघटना' असे मोकळे शब्द होते. समितीनंतर तिथं कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचा उल्लेख आला. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा पोलीस उपनिरीक्षकावरून उपअधीक्षकापर्यंत वर गेला. जुलै 2025 मध्ये विधेयक मंजूर झालं. एवढे बदल पुरेसे होते का, यावर वाद चालूच राहील. पण ज्या माणसाच्या दारात उद्या तपास येणार, त्याला दारात कोणत्या दर्जाचा अधिकारी उभा आहे यानं फरक पडतो.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. मे 2022 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. महाराष्ट्रात अशी ही पहिली ग्रामसभा. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. हेरवाडच्या माणसांबद्दल मला आजही अभिमान वाटतो.

पण ठराव, परिपत्रक आणि कायदा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातला फरक कळला की समितीचं महत्त्व आपोआप कळतं. ग्रामसभेचा ठराव गावानं स्वतःला दिलेला शब्द असतो. तो मोडला तर पोलीस गुन्हा नोंदवू शकत नाहीत. परिपत्रक किंवा शासन निर्णय म्हणजे सरकारनं आपल्या यंत्रणेला दिलेली सूचना. ती सरकार बदललं, सचिव बदलले की कपाटात जाते. कायदा मात्र विधिमंडळ करतं. त्यात गुन्हा कशाला म्हणायचं, शिक्षा किती, तक्रार कुणाकडं करायची हे लिहिलेलं असतं आणि ते बदलायला पुन्हा विधिमंडळातच जावं लागतं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा असाच आला. एप्रिल 2016 मध्ये तो विधिमंडळात एकमतानं मंजूर झाला, राष्ट्रपतींची संमती मिळून 2017 मध्ये लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कोल्हापूर संस्थानात हे काम हुकमानं झालं होतं. 1917 मध्ये शाहू महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, 1919 मध्ये बायकांना घरात क्रूरपणे वागवण्यावर बंदी घातली. त्या काळात राजाच्या मनात आलं म्हणून ते झालं. आज आपल्याला 288 आमदारांची विधानसभा आणि 78 सदस्यांची विधान परिषद यांना पटवून द्यावं लागतं. ते काम आता आपल्याकडं आलं आहे.

हेरवाडनंतर राज्यभर कायद्याची मागणी होऊ लागली. आम्हीही एक निवेदन लिहायला घेतलं, की असा कायदा करावा आणि त्यात काय काय असावं. त्यासाठी पंचगंगेच्या काठच्या एका गावात एका मावशींकडं गेले होते. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. समोर सुपात दाणे, बाजूला टरफलांचा ढीग. मी माझा मसुदा वाचून दाखवला: 'जो कोणी विधवेच्या बांगड्या फोडील किंवा तिचे कुंकू पुसील, तो शिक्षेस पात्र राहील.'

मावशींचे हात थांबले. "माज्या बांगड्या कुणी फोडल्या म्हाईत हाय? माज्या आईनं. रडत रडत फोडल्या. तिला जेलात घालनार हाईसा काय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या पुढं बोलत राहिल्या. "ते एका दिसाचं दुक. मला खरं दुक दिलं ते उसानं. तीस गुंठं रान हाय. मालक गेल्यावर कारखान्याला उसाची नोंद दिरानं आपल्या नावानं केली. बिल त्याच्या खात्याला. सातबाऱ्याला माजं नाव लागायला अडीच वर्सं गेली. तवर मी माज्याच रानात भांगलायला रोजानं जात हुते. हे लिव तुज्या कायद्यात."

कायद्याच्या दृष्टीनं बघा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला तर बायको वर्ग 1 ची वारस आहे. मुलं आणि नवऱ्याची आई यांच्या बरोबरीनं तिला हिस्सा मिळतो. हक्क कागदावर आहेच. पण वारस फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवणं, होत नाही, तोवर ऊस नोंद तिच्या नावानं होत नाही, बिल तिला मिळत नाही, पीककर्ज मिळत नाही. ज्या कार्यालयात विधवा प्रथेचा मसुदा तयार होईल, तिथं कुंकू आणि बांगड्या आठवतील. उसाची नोंद आठवणार नाही, कारण तिथल्या कुणी ती भोगलेली नाही. समितीला जनतेच्या सूचना हव्या असतात त्या याच कारणासाठी, आणि आपण नेमकं हेच पाठवत नाही. आपण पाठवतो ती भावना. 'महिलांवरील अन्याय थांबलाच पाहिजे' हे समितीतल्या प्रत्येकाला मान्य असतं. त्यावर कुणी पेन उचलत नाही.

म्हणून विधेयकाची प्रत मिळवणं ही पहिली गोष्ट. ती शासन राजपत्रात छापली जाते, विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असते आणि मराठीत असते. सगळ्यात शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. आधी ते वाचा. सरकारला हा कायदा का हवा आहे, ते तिथं दोन-तीन परिच्छेदांत सापडतं. मग व्याख्या वाचा. भांडण बहुतेक वेळा व्याख्येतच असतं. कायदा झाल्यावर ज्याला आपण 'कलम' म्हणतो त्याला विधेयकात 'खंड' म्हणतात, हेही लक्षात असू द्या.

वाचताना दोन शब्दांवर पेन्सिलनं गोल करायची सवय लावा. एक, 'शकेल'. 'शासन प्रतिबंध अधिकारी नियुक्त करू शकेल' असं असेल तर शासनानं नाही नेमला तरी कायदा मोडत नाही. 'नियुक्त करील' असं असेल तर नेमावाच लागतो. दुसरा शब्द 'विहित'. 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' याचा अर्थ, हे आत्ता ठरलेलं नाही, नंतर खातं नियम करून ठरवील. भरपाई किती, अर्ज कुठं, किती दिवसांत निकाल, हे सगळं 'विहित'मध्ये ढकललं असेल तर कायदा मंजूर होऊनही नियम येईपर्यंत बाईच्या हातात काही पडत नाही. एका विधेयकाच्या सहा पानांत हा शब्द मला नऊ वेळा सापडला होता, तेव्हा बैठकीतल्या सगळ्याजणी गप्प झाल्या होत्या. त्याशिवाय गुन्हा दखलपात्र आहे की अदखलपात्र, हेही बघा. अदखलपात्र असेल तर पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास सुरू करू शकत नाहीत, आणि गावातल्या बाईला 'कोर्टात जा' एवढंच ऐकून परतावं लागतं.

मावशींचं म्हणणं शेवटी आम्ही असं लिहिलं: व्याख्येत 'मयत पतीची वारस म्हणून तिचे नाव अधिकार अभिलेखात लावण्यास हेतुतः अडथळा आणणे' हा मजकूर जोडावा. पतीच्या मृत्यूची नोंद झाल्यावर वारस फेरफाराची कार्यवाही तलाठ्याने स्वतःहून ठरावीक मुदतीत सुरू करावी. आणि शिक्षेच्या तरतुदीत, जबरदस्ती करणारा आणि रूढीच्या दडपणाखाली तसे करणारा नातेवाईक यांच्यात फरक करावा, दुसऱ्या प्रकारात पहिल्या वेळी समुपदेशन असावे. तीन मुद्दे, एका पानात. खाली मावशींची दहा ओळींची हकीकत, सातबाऱ्याच्या तारखांसह. मसुद्यात मी 'निराधार महिला' लिहिलं होतं. ते त्यांनी खोडायला लावलं. "माजं रान हाय. वारस लिव."

समितीला पाठवायची सूचनाही अशीच हवी. वर विधेयकाचं नाव, वर्ष, क्रमांक. मग खंडाचा आकडा, आत्ता काय लिहिलं आहे, त्याऐवजी काय हवं आणि का. 'का' मध्ये तुमचा अनुभव, तुम्ही स्वतः पाहिलेलं. शंभर जणींनी एकाच छापील मजकुराखाली सह्या करून पाठवण्यापेक्षा दहा जणींनी दहा वेगवेगळे अनुभव पाठवणं जास्त उपयोगाचं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, दुसऱ्यानं लिहावं, अंगठा त्यांचा. पत्ता जाहिरातीत दिलेलाच वापरा. पोस्टानं पाठवत असाल तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा, कारण मोजली जाते ती मुदतीत पोचलेली सूचना. समोर बोलायचं असेल तर पत्रातच 'समितीसमोर प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची इच्छा आहे' असं लिहा. बोलावणं हा समितीचा अधिकार आहे, आपला हक्क नाही. ती मोजक्यांनाच बोलावते. बोलावलं तर तिथं काय झालं ते बाहेर लगेच सांगत सुटायचं नाही. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत समितीचं कामकाज गोपनीय असतं.

एक प्रत आपल्या आमदारांना द्या. जिल्ह्यात 10 विधानसभा मतदारसंघ आहेत, त्यामुळं आपला आमदार कोण हे सगळ्यांना माहीत असतं. विधान परिषद मात्र विसरली जाते. पुणे विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आपला जिल्हा येतो, शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांचा स्वतंत्र मतदारसंघ आहे. संयुक्त समितीत परिषदेचेही सदस्य असतात. आपल्या भागातलं कुणी समितीवर नसलं तरी सभागृहात विधेयक परत येतं तेव्हा प्रत्येकाला दुरुस्ती सुचवता येते. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात आलं आणि कोर्टासाठीची मुंबईची धावपळ कमी झाली. विधान भवन अजून रात्रभराच्या प्रवासावरच आहे. म्हणून इथल्या आमदाराच्या कार्यालयात कागद पोचवणं, पोच घेणं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाणं, हे करायलाच हवं.

पुढं वाट बघावी लागते. समितीला अहवालासाठी मुदत दिलेली असते आणि ती बऱ्याचदा वाढवून मिळते. अधिवेशन संपलं म्हणून विधेयक मरत नाही. विधानसभा बरखास्त झाली तर मात्र तिथं प्रलंबित असलेलं विधेयक व्यपगत होतं, म्हणजे सगळं पहिल्यापासून. जुलै 2024 मध्ये मांडलेल्या जन सुरक्षा विधेयकाचं तेच झालं. निवडणूक झाली आणि डिसेंबरात नागपूरला ते नव्यानं मांडावं लागलं. तुमच्या विषयाचं विधेयक असं पुन्हा आलं तर जुनी सूचना तशीच पाठवू नका. नव्या मसुद्याचा क्रमांक वेगळा असतो, खंडांचे आकडे सरकलेले असतात, कधी तुम्ही सुचवलेलं आधीच आत आलेलं असतं. दोन्ही प्रती शेजारी ठेवा, ओळ ओळ जुळवा, आणि जिथं फरक दिसेल तिथला खंड नव्या कागदावर लिहून काढा.